तुम्ही आल्यामुळे कोण गेलं?

ती पहिल्यांदा दारात उभी राहिली तेव्हा मला वाटलं, घरपट्टीवाली आली. हातात जाड वही, खांद्याला पिशवी, पायात धुळीने माखलेले बूट आणि नजर सरळ माझ्या भिंतींवर. मी म्हटलं, "पट्टी भरलेली आहे. पावती दाखवू का?" ती हसली. म्हणाली, "नको काकू, मला खोली हवी आहे. वर्षभरासाठी."

मी मोजणी खात्यात बत्तीस वर्षं कारकून होते. लोकांच्या जमिनींच्या हद्दी कागदावर सांभाळता सांभाळता माणसं पारखायची खोड लागली, ती निवृत्तीनंतरही गेली नाही. शिर्डीत आमचं लहानसं घर आहे. खाली माझ्या दोन खोल्या, त्यांना लागून वेगळ्या दाराची एक भाड्याची खोली आणि गच्चीवर पत्र्याची एक. नवरा गेल्यापासून मी एकटीच. खालच्या खोलीत आठ वर्षांपासून जामखेडकडचं एक कुटुंब राहत होतं. गच्चीवरची खोली उन्हाळ्यात भट्टी होते, तिथे कोणी टिकत नसे. मी तिला ते स्पष्ट सांगितलं. "चालेल," म्हणाली. मग मी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, बाई मूळच्या नगरच्या, शिक्षण पुण्याला, आणि आता परदेशात एका विद्यापीठात प्रोफेसर. मला घामच फुटला. एवढी शिकलेली बाई, आणि मी तिला घरपट्टीची पावती दाखवायला निघाले होते.

घरात दोन भाडेकरू झाले की नावं कोण घेत बसतं! ही "वरची" झाली आणि जामखेडची ती "खालची". वरचीला मी आधी मॅडम म्हणत होते. तिसऱ्या दिवशी तिने माझ्या ओट्याशी उभं राहून शिळ्या पोळीचा कुस्करा मागून घेतला आणि बोटं चाटून खाल्ला, तेव्हा मॅडमपणा गळून पडला. मी तिला अगंतुगं करायला लागले.

ती नेमका कशाचा अभ्यास करते ते समजायला मला थोडे दिवस लागले. एकदा चहा पिताना तिने सांगितलं, "पोटासाठी गाव सोडणारी माणसं आपल्याला माहीत आहेत. मी दुसरी माणसं बघते. पोट भरलेलं आहे, तरी गाव बदलतात. कोणाला ऊन हवं असतं, कोणाला समुद्र, कोणाला देव. आपला पैसा जिथे मोठा ठरतो तिथे ती जातात. मग त्या गावातल्या साध्या माणसाला खोली परवडते की नाही, एवढंच मी बघते."

"एवढंच?" मी म्हटलं. "त्याला विद्यापीठ कशाला लागतं? मला विचार, मी सांगते. नाही परवडत."

"म्हणून तर तुमच्याकडे आले," ती म्हणाली, आणि वही उघडली. मी म्हटलेलं वाक्य तिने खरोखर लिहून घेतलं. आयुष्यभर मी साहेबांची वाक्यं लिहून घेतली. माझं कोणी लिहून घेण्याची ती पहिलीच वेळ.

शिर्डीत गेल्या काही वर्षांत इमारती नुसत्या उगवल्या आहेत. लॉज तर आहेतच, पण त्यांच्या मागे, शेतांच्या कडेने, फ्लॅट उभे राहिले. मुंबईचे, हैदराबादचे, कुठकुठचे परदेशात राहणारे लोक ते घेतात. म्हातारपणी बाबांच्या जवळ राहू म्हणून घेतात, आणि मग दिवाळीला आठ दिवस, गुरुपौर्णिमेला चार दिवस येऊन कुलूप लावून जातात. लॉजवर झाडलोट करणाऱ्या बायका मात्र पहाटेच्या पहिल्या गाडीने कोल्हारहून, राहात्याहून येतात. माझं माहेर कोल्हारचं. मी माहेरी जाते त्याच वाटेने त्या उलट्या दिशेला रोज येतात, हे मला माहीत होतं, पण त्याचा विचार कधी केला नव्हता.

कुठल्या फ्लॅटमध्ये माणूस राहतो आणि कुठला नुसता घेऊन ठेवलाय, हे ती कसं शोधायची सांगू? सोसायटीच्या पाट्या वाचून नाही, कागद मागून नाही. सकाळी नऊ ते अकरा या वेळात ती इमारतींसमोर उभी राहून वाळत घातलेले कपडे बघायची. जिथे दोरीवर कपडे तिथे माणूस. सलग पंधरा दिवस जिथे फडकंही दिसलं नाही, ते घर बंद. मी तिच्याबरोबर जायला लागले, कारण मला त्यात मजा वाटायला लागली. लोक आमच्याकडे संशयाने बघत. एका बाईने वरून ओरडून विचारलं, "काय बघताय?" मी खालून ओरडले, "तुमचे परकर!" वरची मला ओढतच पुढे घेऊन गेली, पण कोपऱ्यावर पोचल्यावर ती इतकी हसली की तिला कठड्यावर बसावं लागलं.

भेटेल त्याला ती दोन प्रश्न विचारायची. पहिला, "तुम्ही इथे का आलात?" त्याचं उत्तर लोक मन लावून देत, कधीकधी तास तास. दुसरा प्रश्न ती अगदी शेवटी, वही मिटता मिटता विचारायची. "तुम्ही आल्यामुळे कोण गेलं?" त्या प्रश्नाने माणसांची तोंडं बघण्यासारखी व्हायची. कोणी चिडायचं, कोणी हसण्यावारी न्यायचं, कोणी "आम्ही कुणाला घालवलं नाही हो" म्हणून लगेच चहा मागवायचं. ती कधी कोणाला उलट बोलली नाही.

एक जोडपं मला चांगलं आठवतं. तीस वर्षं परदेशात काढून सहा महिन्यांपूर्वी इथे राहायला आलं होतं. मी मनात त्यांची टिंगल करायच्या तयारीनेच गेले होते. घरात तीन एसी आणि बाईंना कोथिंबीर निवडता येत नव्हती. पण बोलता बोलता बाईंचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "तिकडे आमची मुलं आहेत, पण संध्याकाळी दार वाजवणारं कोणी नाही. इथे निदान आरतीचा आवाज येतो." वरचीने वही बाजूला ठेवली आणि त्यांचा हात हातात घेतला. ते तिने कामासाठी केलं नव्हतं, हे मला दिसत होतं.

मग निघताना तिने दुसरा प्रश्न विचारला. गृहस्थ म्हणाले, "कोण जाणार? इथे तर मोकळं शेत होतं."

"शेतात कोणी राहत होतं का?"

पाण्याची मोटर चालू करायला वर आलेला वॉचमन दारात उभा होता. साठीचा असेल. तो अगदी सहज म्हणाला, "आमी हुतो की. हितंच गोठ्याला लागून पत्र्याचं हुतं आमचं. मालकानं जमीन दिली तवा निघालो."

"मग आता कुठे राहता?" वरचीने विचारलं.

"खाली. जिन्याखाली हाय ना जागा."

गृहस्थ उठले आणि त्यांनी वॉचमनला खुर्ची दिली. सहा महिन्यांत पहिल्यांदाच दिली असावी, कारण तो बसेना. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "चांगली जिरली." ती म्हणाली, "नाही काकू. त्यांना माहीतच नव्हतं. माहीत झाल्यावर ते उठले. उठले हे मी लिहिणार आहे." तिच्या जागी मी असते तर मी फक्त एसी लिहिले असते. एवढा फरक आमच्यात होता, आणि तो मला मान्य आहे.

आता खालचीबद्दल सांगते. तिचे आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जायचे. कारखान्याच्या फडात पाचटाच्या कोप्या, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांच्या झोपड्या, घालून राहायचे, आणि ही त्या कोपीतच वाढली. लग्न झाल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं, कोयता हातात धरायचा नाही. दोघं शिर्डीत आली. तो फुलांच्या दुकानात हार करतो. ती पहाटे एका लॉजवर झाडलोट करते, आणि दिवसा बंद फ्लॅट सांभाळते. मालक नसताना धूळ पुसायची, नळ सोडून बघायचे, उंदीर झालेत का बघायचं. सहा फ्लॅटच्या चाव्या तिच्या कमरेला असतात. मुलगी एक, माझ्या घराच्या मागच्याच शाळेत, तेव्हा दहावीत जाणार होती.

माझा आणि तिचा करार अकरा महिन्यांचा. अकरा महिने संपले की मी तिला एक दिवस खोली रिकामी करायला लावायचे. सगळं सामान अंगणात काढायचं, खोली झाडून माझ्या ताब्यात द्यायची, मी दिवसभर कुलूप लावायचं, आणि संध्याकाळी नव्या करारावर सही करून ती परत आत. ऑफिसात मी भाडेकरूंच्या भांडणांच्या इतक्या फायली बघितल्या होत्या की सलग ताबा नको, मध्ये एक दिवस खंड हवाच, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. कोणी सांगितलं होतं ते आठवत नाही. पण कागदाच्या बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही. आणि त्या दिवशी दुपारचं जेवण मी तिला घरून देत असे, त्यामुळे आपण फार चांगल्या घरमालकीण आहोत असंही मला वाटायचं.

त्या वर्षी एप्रिल निघाला तो जाळतच. गच्चीवरची खोली तापून लाल. वरचीच्या मानेवर, पाठीवर पुरळ उठलं, दोन दिवस तापही आला. तरी ती ओला पंचा डोक्यावर टाकून लिहीत बसायची. मला बघवेना. माझ्या मनात आलं, खालची खोली थंड आहे, मोरी आतच आहे. ही तिथे राहिली तर? खालचीचे अकरा महिने त्याच महिन्यात संपत होते. खोली तर ती रिकामी करणारच आहे, फक्त संध्याकाळी परत आत घ्यायचं नाही. बाजारातून नवं कुलूप आणलं. खरं सांगायचं तर नुसती कळकळ नव्हती. प्रोफेसरबाई आपल्या शेजारी, मधल्या भिंतीपलीकडे राहतात, हे चारचौघांत सांगायलाही मला आवडलं असतं. भाडंही जास्त आलं असतं. खालचीला मात्र मी आधी काही बोलले नाही. धीरच होत नव्हता. संध्याकाळी सांगू म्हणून टाळलं.

तो दिवस उजाडला. खालची लॉजवरून आली, पदर खोचला आणि सामान बाहेर काढायला लागली. गाद्या, पत्र्याची पेटी, भांड्यांचं घमेलं, मुलीची पुस्तकं, शिलाई मशीन. शेवग्याखाली तिने सगळं नीट लावलं. वरची खाली आली ती बघतच राहिली.

"कुठे निघालात?" तिने विचारलं.

"कुटंच न्हाई, ताई. अकरा म्हैन्याला एकदा आमी घराभायेर. सांजच्याला परत आत."

"दरवेळी?"

"व्हय की. आन् आत गेलं की म्या दूध उतू घालते. नव्या घरात घालत्यात ना, तसं. आतापतूर आठ घरं झाली माजी!" असं म्हणून ती मनापासून हसली.

हे सगळं मी खिडकीतून ऐकत होते. सावलीत झाकून ठेवलेली दुधाची पिशवी मला दिसली. वरचीने पेटीचं दुसरं टोक धरलं, मशीन उचलू लागली. खोली रिकामी झाल्यावर मी जाऊन झाडून घेतली आणि नवं कुलूप लावलं.

दुपारी वरची जेवायला माझ्याकडे आली. मी पोळी लाटता लाटता तिला आनंदाची बातमी दिली. "आजपासून खालची खोली तुझी. संध्याकाळी तुझं सामान खाली आणू."

मला वाटलं होतं ती गळ्यात पडेल. तिने मोडलेला घास परत ताटात ठेवला. मग हळू विचारलं, "त्यांना सांगितलंत?"

"सांगेन संध्याकाळी."

"त्या कुठे जातील?"

"बघतील कुठेतरी. त्यांच्यासारख्यांना मिळतात खोल्या."

"कुठे मिळतात, काकू?" ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता. "तीन महिने मी रोज संध्याकाळी खोल्या शोधत हिंडले आहे. मला राहायचं आहे असं सांगून, एकेका गल्लीत. त्यांना परवडेल अशी खोली शाळेपासून चालत जाता येईल इतक्या अंतरात नाही. एकही नाही. कोल्हारकडे जावं लागेल. पहाटे पाचला लॉजवर कशा पोचतील? आणि मुलीची दहावी?"

माझं डोकं फिरलं. "म्हणजे मी वाईट? तुझ्या अंगावर पुरळ उठलं ते मला बघवलं नाही म्हणून केलं, आणि तू मलाच शिकवतेस?"

"तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "मी लोकांना विचारत फिरते, तुम्ही आल्यामुळे कोण गेलं. माझ्यामुळे कोण जाणार आहे ते शेवग्याखाली बसलंय, आणि सकाळी मी त्यांची पेटी उचलून बाहेर ठेवली." तिने ताट बाजूला सारलं. पाणी पिऊन ती पुढे म्हणाली, "त्या गेल्या तर मीही उद्या सकाळी जाते. वर नाही, खाली नाही. पण सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. घर तुमचं आहे."

ती उठून बाहेर गेली आणि खालचीशेजारी जाऊन बसली. तिने तिला काही सांगितलं नाही. मी सबंध दुपार खिडकीतून बघत होते. त्या दोघी शेंगा निवडत होत्या, मध्येच खालची काहीतरी सांगून हसत होती. मी आत येरझाऱ्या घालत होते. कधी वाटे, जाऊ दे दोघींना, मला कोणाची गरज नाही. कधी वाटे, आपण त्या एसीवाल्या गृहस्थांवर हसलो होतो, आणि ते निदान खुर्चीवरून उठले तरी. रागाने मी चहाची कपबशी इतकी आपटली की बशीचा टवका उडाला.

दिवस कलला. खालचीचा नवरा आला, मुलगी आली. खालची गादीची गुंडाळी खांद्यावर घेऊन दाराशी आली आणि थबकली. मीही बाहेर आले होते. बोलायची वाक्यं मनात जुळवून ठेवली होती. ती कुलपाकडे बघत होती, मी तिच्याकडे. वरची शेवग्याखालून उठून उभी राहिली होती.

खालचीने माझ्याकडे वळून बघितलं आणि म्हणाली, "नवं कुलूप आनलं व्हय, बाई? लई बरं केलं. जुनं पावसाळ्यात अडकून बसायचं. चावी द्या की, दूध नासंल."

माझी सगळी वाक्यं कुठच्या कुठे गेली. चावी माझ्या मुठीत होती. मी ती तिच्या हातावर ठेवली. दोन्ही चाव्या ठेवल्या. थोड्या वेळाने आतून दूध उतू गेल्याचा वास आला, आणि तिच्या नवऱ्याने पितळेच्या पेल्यात दूध मला आणून दिलं. मी ते उभ्या उभ्याच प्यायले.

वरची गेली नाही. मे महिना तिने त्याच पत्र्याखाली काढला. पत्र्यावर चुना फासायची कल्पना खालचीची. तिने आणि तिच्या नवऱ्याने एका रविवारी वर चढून दोन हात मारून दिले, आणि खोली खरोखर थोडी निवली. तिला मी कुठल्या तोंडाने पैसे देणार? मी पुरणपोळ्या केल्या.

वर्ष संपत आलं तेव्हा वरचीने लिहिलेलं सगळं आधी मराठीत तयार केलं. तिची तशी पद्धतच होती. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना आधी वाचून दाखवायचं, आणि त्यांनी "काढ" म्हटलं तर काढायचं. मोठमोठे लोक कोणाला न विचारता काय काय लिहितात! ही वॉचमनच्या जिन्याखाली बसून वाचून आली, त्या परदेशातून आलेल्या जोडप्याकडे जाऊन वाचून आली. मग एके दिवशी ती वही घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "काकू, यात मी त्या दिवसाबद्दल लिहिलंय. माझ्यामुळे एका कुटुंबाची खोली जाणार होती आणि दुपारपर्यंत मला कळलंसुद्धा नाही, असं. तुम्ही नको म्हणालात तर फाडते."

मी ते वाचलं. माझ्याबद्दल एक वाईट शब्द नव्हता. सगळा दोष तिने स्वतःकडे घेतला होता. त्यानेच मला जास्त लागलं. दोन दिवस मी तिच्याशी नीट बोलले नाही. तिसऱ्या दिवशी वर गेले आणि म्हटलं, "राहू दे. पण अर्धवट कशाला लिहितेस? मी चार दिवस आधी जाऊन कुलूप विकत आणलं होतं, तेही घाल." तिने माझ्याकडे बघितलं, आणि घातलं. इतकी शिकलेली, इतकी स्वच्छ मनाची बाई माझ्या पत्र्याच्या खोलीत राहिली, याचा मला अभिमान आहे, आणि आता तो चारचौघांत मिरवण्यासाठी नाही.

तिने ते अंगणात आम्हा सगळ्यांपुढे वाचलं. कुलपाचा भाग आला तेव्हा मी मान खाली घातली. वाचून झालं. खालची गुडघ्याला मिठी मारून बसली होती. ती म्हणाली, "मला तवाच कळलं हुतं, ताई. नवं कुलूप कुनी भाडेकऱ्यासाठी आनतं व्हय?"

मी कसंबसं विचारलं, "मग बोलली का नाहीस?"

"आत घेता का असं इचारलं असतं तर तुमाला न्हाई म्हनावं लागलं असतं, बाई. एकदा तोंडातनं गेलं की मानूस मागं फिरत न्हाई. म्हनून तुमी बोलायच्या आदी म्याच चावी मागितली."

पुढच्या आठवड्यात वरची गेली. विमानतळावर सोडायला आम्ही सगळे गेलो होतो.

त्यानंतर मी ओळखीच्या वकिलांकडे गेले आणि लांब मुदतीचा, रीतसर नोंदणीचा करार करायचा आहे म्हणून सांगितलं. बोलता बोलता त्यांना माझा तो एक दिवसाचा खंडही सांगितला. ते हसायलाच लागले. म्हणाले, "अहो, तुम्ही सरकारी खात्यातल्या ना? नवा करार केला की झालं. सामान बाहेर काढायची काही गरज नव्हती." बत्तीस वर्षांची कारकुनी माझ्या तोंडावर आली. आठ वेळा त्या बाईने पेटी, मशीन, गाद्या बाहेर काढल्या, ते फक्त माझ्या समजुतीखातर. घरी येताना रिक्षात मी रडले, आणि रिक्षावाल्याने बाबांचं दर्शन चांगलं झालं का, म्हणून विचारलं.

कराराचा कागद मी खालचीला नेऊन दिला. मुलीने तो मोठ्याने वाचला. खालचीने आभार वगैरे मानले नाहीत. कागद घडी करून पेटीत ठेवला, आणि जरा वेळाने माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"बाई, भिंतीला एक खिळा ठोकू का?"

माझी भाडेकरीण किती चांगली, आठ वर्षांत भिंतीवर एक ओरखडा नाही, हे मी गावभर कौतुकाने सांगत आले होते. खिळा का नव्हता, हे मी कधी स्वतःला विचारलं नव्हतं. मी आतून हातोडी घेऊन तिच्यामागून गेले. तिने पेटीच्या तळातून जुन्या लुगड्यात गुंडाळलेला एक फोटो काढला. तिचे आईबाप, दोघं ताठ उभे, मागे उसाचा फड आणि पाचटाची कोपी.

"ह्यो आमच्या घरापुढं काढल्याला," ती म्हणाली.

तिने खिळा ठोकला, फोटो लावला, दोन पावलं मागे सरून बघितला, थोडा सरळ केला. मी दारातच उभी होते. या खोलीत मी शेकडो वेळा आले असेन, गळती बघायला, मीटर बघायला, झाडून ताबा घ्यायला, कधीच न विचारता. तिने पदराने खुर्ची पुसली आणि माझ्यापुढे सरकवली.

"बसा की, बाई," ती म्हणाली. "पयल्यांदाच आलाय माज्या घरी."